डाव्या हातावरचा मांडा

येळ्ळुरात एखाद्या पोरीचं लग्न ठरलं, की तिचा बाप आधी भटजीकडं जातो का अंबुबाईकडं, यावर पैज लागलीच तर अंबुबाईच्या बाजूनं लावावी. मुहूर्त दोन दिवस पुढंमागं होऊ शकतो. अंबुबाईची मोकळी तारीख मात्र एकदा हुकली की हुकली. मग पोरीच्या रुखवतात दुकानातले मांडे ठेवायचे आणि व्याह्यांच्या बायकांनी एकमेकींकडं बघून ओठ दाबायचे, एवढंच उरतं.

अंबुबाई काही मोठी सुगरण नव्हे. तिच्या आमटीला मीठ कमी पडतं, भाकरी कधीमधी करपते, आणि नवरा भावकू ते सगळ्या गावाला सांगत हिंडतो. पण मांड्याची कणीक तिच्या हातात आली की भावकूसुद्धा गप बसतो. पिठीसाखर, खसखस, वेलदोडा आणि तुपाचं सारण पोटात घेतलेला उंडा ती आधी लाटते. मग लाटणं बाजूला ठेवून पोळी पालथ्या हातांवर घेते. पोळी एका हातावरून दुसऱ्या हातावर झुलायला लागते. मनगटावरून कोपरापर्यंत जाते, परत येते, आणि प्रत्येक फेरीला रुंद होत होत इतकी पातळ होते की पलीकडं बसलेल्या बाईच्या लुगड्याचा रंग दिसावा. शेवटी चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर ती अशी उतरते, जणू कुणी तान्हं बाळ पाळण्यात ठेवतंय. खापराच्या आचेनं अंबुबाईच्या दोन्ही हातांवरचे केस कधीच गेलेत. हात घासलेल्या तांब्यासारखे चकचकतात. लहानपणी दिपाली आईच्या त्या हातांवर गाल घासायची.

आणि दिपालीचंच लग्न ठरलं, तेव्हा त्यातला एक हात गेला.

दिवाळी नुकतीच झालेली. सकाळी चहा पिताना अंबुबाईच्या हातून बशी सुटली. ती उचलायला गेली तर हात तिथं नव्हताच. म्हणजे होता, पण दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबत होता. तोंड वाकडं झालं. भावकूनं शेजारच्याची गाडी काढायला लावली आणि तासाभरात तिला बेळगावच्या दवाखान्यात नेऊन पोचवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. ती विरघळली. आठवड्याभरात तोंड सरळ झालं. पाय जरा फरपटत का होईना, घरी आला. डावा हात मात्र यायचाच विसरला. बोटं मुठीत वळून बसली, ती उघडायचं नावच घेईनात.

लग्न उगादीनंतरचं, म्हणजे पाडव्यानंतरचं होतं. नवरा मुलगा हिंडलग्याचा, उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरीला. माणसं चांगली. त्यांनी निरोप धाडला, की लग्न पुढं ढकलायचं असंल तर ढकलू. अंबुबाई म्हणाली, अजिबात न्हाय. भावकूनं हळूच सुचवलं, की मांडे आपण बेळगावातनं आणू, आजकाल चांगले मिळतात. त्यावर अंबुबाई काहीच बोलली नाही, आणि ती बोलली नाही म्हणजे काय ते भावकूला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ठाऊक होतं. अख्ख्या गावाच्या पोरींच्या रुखवतात तिच्या हातचे मांडे गेले. आणि तिच्या पोटच्या पोरीच्या रुखवतात दुकानाचं नाव छापलेला पुठ्ठ्याचा डबा? तिला ते घशाखाली उतरेना.

म्हणून डॉक्टरांनी हाताच्या व्यायामासाठी पाठवलं तेव्हा ती उड्या मारत निघाली. म्हणजे मारता आल्या असत्या तर.

व्यायाम घेणारी मुलगी प्रिया. बोरगावच्या जैन घरातली. घरात कानडी, गल्लीत मराठी, कॉलेजात इंग्रजी, आणि बोलताना तिन्हींची मिसळ. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “आक्का, कै उघडा.”

“काय उघडू?”

“कै री, कै.”

“अगं काय ते सांगशील तर उघडीन की.”

कानडीत कै म्हणजे हात, हे अंबुबाईला बाजारामुळं चांगलं माहीत होतं. पण पोरगी चेष्टा सोसते का रडते, ते तिला बघायचं होतं. प्रिया हसली. अंबुबाईला ती पसंत पडली.

दुसऱ्या आठवड्यात प्रियानं कपाटातून तंबाखूच्या डबीपेक्षा जरा मोठं एक यंत्र काढलं. त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकाला दोन स्पंज. स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवून एक उजव्या कानाच्या वर, डोक्याच्या बाजूला लावला, दुसरा डाव्या भुवईवर, आणि वरून रबरी पट्टा आवळला. पाणी गळून अंबुबाईच्या ओठावर आलं. तिनं चाटलं आणि म्हणाली, “मीठ बरोबर हाय.”

प्रियानं समजावून सांगितलं. यातला करंट अगदी बारीक. टॉर्चचा बल्बसुद्धा पेटायचा नाही एवढा. डोक्यात ज्या जागेवरून डावा हात हलतो, ती जागा दुखण्यानं सुस्त पडली आहे. करंट तिला जराशी उठवतो. पण हात करंट हलवत नाही. जागा उठलेली आहे तोवर हलवायचा तुम्हीच, आणि पुन्हापुन्हा हलवायचा, म्हणजे तिला ते काम परत पाठ होईल. काहींना याचा चांगला उपयोग होतो, काहींना थोडा, काहींना काहीच नाही, हेसुद्धा तिनं लपवलं नाही.

अंबुबाईनं ते आपल्या परीनं समजून घेतलं. कणकेला तेलाचा हात लावून झाकून ठेवतात, तसंच हे. तेल काही पोळी पसरत नाही. पण तेलाशिवाय पसरायला गेलं तर ती फाटते.

बटण दाबल्यावर स्पंजाखाली मोहरी तडतडल्यासारखं झालं, मग मुंग्या, मग नुसती खाज. वीसेक मिनिटं यंत्र चालायचं. तेवढ्यात प्रिया हाताला कामाला लावायची. लाकडी खुंट्या उचल, भोकात घाल. चेंडू दाब. त्यातच ती एकदा म्हणाली, “आता डोळे मिटा, आक्का. तुमच्या दोन्ही हातांना सगळ्यात पाठ असलेलं काम मनातल्या मनात करा. हात नुसता हलतोय असं बघितलं तरी डोक्यातली तीच जागा कामाला लागते.”

अंबुबाईनं डोळे मिटले. चूल आली, खापर आलं, तुपाचा वास आला. पोळी उजव्या हातावर झुलली, डाव्यावर आली आणि फाटली. मनातला मांडासुद्धा फाटला, याचं तिला एवढं हसू आलं, की स्पंज घसरला.

“काय करत होता आक्का?”

“मांडे.”

प्रियानं मान डोलावली. चिकोडीकडं होळगी करतात तशी ती काहीतरी गोड पोळी असणार, असं तिनं धरलं. होळगी लाटण्यानं लाटतात. मग दुसऱ्या दिवसापासून तिनं टेबलावर लाटणं आणून ठेवलं आणि अंबुबाईला दोन्ही हातांनी मूठ आवळून ते पुढंमागं फिरवायला लावलं. अंबुबाईला नवल वाटलं. मांड्याला मूठ लागतच नाही, हात उघडा लागतो. पण हिच्या शिक्षणात आधी मूठ आणि मग बोटं असं काहीतरी असेल, असं म्हणून ती गुमान लाटत राहिली. दोघींचं एकमेकींवर इतकं प्रेम बसलं होतं, की एकीनंही दुसरीला विचारलं नाही.

खरी गंमत घरी झाली.

धाकटी जाऊ नागुबाई रोज संध्याकाळी चौकशीला यायची. दवाखान्यात काय करतात गं आक्का, म्हणून तिनं विचारलं, तेव्हा अंबुबाईनं सरळ सांगून टाकलं. “डोक्याला करंट लावत्यात. आनी मी डोळं मिटून मनात मांडं करत बसतो.”

एवढं नागुबाईला पुरलं. मनातले मांडे म्हणजे हवेतले बेत, हे सगळ्या मराठी मुलखाला ठाऊक. आणि डोक्याला करंट कुणाला देतात, तेही येळ्ळुराला ठाऊक. दोन्ही गोष्टी जोडून गल्लीनं निकाल दिला, की अंबुबाईला पोरीच्या लग्नाच्या काळजीनं भ्रम झालाय, शॉक द्यायला लागलेत, आणि ती दवाखान्यात बसून एकटीच हसते. ही बातमी गिरणीत दळणाबरोबर दळली गेली, दुधाच्या गाडीवर बसली आणि हिंडलग्याला जायच्या बेतात होती, तेवढ्यात भावकूच्या कानावर पडली.

भावकू साधा माणूस. त्याला बायको वेडी वाटली नाही. दवाखाना लबाड वाटला. माझ्या बायकोला खोट्या आशेवर बसवून ठेवलंय, आता तिथं जाणंच बंद, असं त्यानं ठरवलं. त्या दिवशी त्यानं आधी बेळगावच्या दुकानातून नमुन्याचा एक मांडा डब्यात भरून घेतला, डबा पिशवीत टाकला आणि तडक वर व्यायामाच्या खोलीत आला. अंबुबाई खुर्चीत. डोक्याला पट्टा, गालावर मिठाच्या पाण्याचा ओघळ, हातात लाटणं.

“बाई,” तो प्रियाला म्हणाला, “हिला मनात मांडं खायला लावू नका. आमाला झेपल तेवढं खरं सांगा.”

प्रियाला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. ती म्हणाली, “खायला नाही हो अण्णा, करायला लावते. बघा, आता किती छान लाटतात.”

“लाटत्यात?” भावकूनं लाटण्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. “मांडं लाटून हुतं व्हय?”

“मग कसं?”

आता इथं अंबुबाईनं बोलायला हवं होतं. पण यंत्र चालू असताना डोकं हलवू नका, अशी ताकीद होती. ती नुसते डोळे फिरवत राहिली. भावकूनं पिशवीतून डबा काढला, टेबलावर उघडला. पेपरासारख्या पातळ, खुसखुशीत घडीचा तो मांडा बघून प्रियाचा चेहरा पडला. ही होळगी नव्हती.

मग भावकूनं जे केलं, ते येळ्ळुरात अजून कुणाला खरं वाटत नाही. आयुष्यात कणकेला बोट न लावलेल्या त्या माणसानं डोक्याचा पटका सोडला, हातभर फडका मोकळा केला, दोन्ही हात पालथे करून त्यावर घेतला आणि झुलवायला लागला. बायको मांडे करताना जशी उभी राहायची, तसा पाय जरा फाकवून, कंबर डावीकडं टाकून. पटका उजव्या हातावरून डाव्यावर, मनगटावरून कोपराकडं, आणि परत. इतकी वर्षं तो चुलीपाशी नुसता चहा पीत बसलेला दिसायचा. पण त्यानं सगळं बघितलेलं होतं. खांदा कधी खाली जातो, कोपर कधी वर येतं, श्वास कुठं थांबतो. शेवटी त्यानं पटका अल्लाद खुर्चीच्या पाठीवर उतरवला आणि हाताची आच झटकली.

खोलीतले बाकीचे पेशंट बघतच राहिले. एका म्हाताऱ्यानं टाळी वाजवायला एकच हात उचलला, कारण दुसरा उठत नव्हता.

अंबुबाई लाजली. लग्नात लाजली नसेल एवढी.

प्रियानं कपाळाला हात लावला. “अय्यो. म्हणजे मी तुमचा हात मिटायला शिकवत होते री आक्का. आणि तुम्हाला तर उघडायचा आहे. मला सांगितलं का नाही?”

“मला वाटलं, आधी मिटल्याशिवाय उघडत नसंल,” अंबुबाई ताकीद विसरून म्हणाली.

तिघंही हसत सुटली. हसता हसता यंत्राची वेळ संपल्याची शिट्टी वाजली, तरी कुणी उठेना. भावकूनं तो मांडा प्रियालाच खायला दिला. तिनं अर्धा खाल्ला, अर्धा तोडून एकहाती टाळीवाल्या म्हाताऱ्याला दिला. साहजिकच दवाखान्यात येणं बंद करायचा विषय तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून लाटणं गेलं आणि ओला पंचा आला. डोक्याला स्पंज लावायचा, मुंग्या सुरू झाल्या की डोळे मिटून आधी मनात एक मांडा उतरवायचा, आणि मग लगेच पंचा दोन्ही हातांवर घेऊन झुलवायचा. पहिल्या दिवशी डाव्या हातावर येताच तो मुठीला अडकून राहिला. प्रिया तिची बोटं एकेक करून सोडवायची, मनगट खालून उचलून धरायची. घरी यंत्र नव्हतं, पण पंचा होता. अंबुबाई गोठ्याच्या दारात उभी राहून झुलवायची. म्हशीसुद्धा बघून बघून कंटाळल्या. नागुबाई आधी तोंडाला पदर लावून हसली, मग एके दिवशी न सांगता समोर येऊन पंच्याचं दुसरं टोक धरू लागली. गल्लीत आधी काय पसरवलं होतं, ते तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही काढलं नाही. उलट आता तीच सांगत फिरायची, की आमच्या आक्काच्या डोक्यात बॅटरी हाय.

सुधारणा झाली, पण सिनेमात होते तशी नव्हे. आधी मनगट वर उठलं. काही दिवसांनी अंगठा सुटला. मग बाकीची बोटं अर्धी उघडायला लागली, करंगळी तेवढी हट्टी राहिली. एकेका दिवशी हात इतका जड व्हायचा, की अंबुबाई पंचा भिरकावून द्यायची आणि भावकू तो गुपचूप पिळून परत आणून द्यायचा. प्रियानं यंत्राचा ठरलेला क्रम संपवला तेव्हा स्पष्ट सांगितलं. यातलं किती करंटनं झालं, किती सरावानं आणि किती आपोआप, ते तिला वाटून देता येणार नाही. अंबुबाई म्हणाली, “वाटून कशाला घ्याचं? हात माजाच हाय.”

उगादी झाली. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच परसात चूल मांडली. खापर पालथं घातलं. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या, त्यातल्या निम्म्या हातभार लावायला आणि निम्म्या बघायला. हळद लागलेली दिपाली खिडकीत उभी. आई हरली तर आपल्याला रडू येईल आणि हळदीवर ओघळ दिसतील, म्हणून ती बाहेर आली नव्हती. प्रिया बोरगावहून सकाळच्या बसनं आलेली. आज तिच्यापाशी यंत्र नव्हतं. नुसतीच चुलीपासून लांब, हाताची घडी घालून उभी होती. आतल्या खोलीत, सगळ्यांच्या नकळत, भावकूनं दुकानातला भरलेला डबा कपाटावर ठेवला होता. तो तिथं आहे, हे अंबुबाईला माहीत होतं. तिला माहीत आहे, हे भावकूलाही माहीत होतं.

पहिली पोळी डाव्या हातावर आली आणि करंगळीला अडकून फाटली. सारण खापरावर सांडलं, साखर करपून धूर झाला. दुसरी खापरापर्यंत पोचली, पण अर्धी वर पडली आणि अर्धी चुलीत. भावकूनं ती ताटलीत घेतली आणि दूध ओतून खायला बसला, जणू ती खास त्याच्यासाठीच केली होती.

नागुबाई हळूच म्हणाली, “आक्का, डावीकडं मी उभी राहू?”

अंबुबाईनं मान हलवून नको म्हटलं. तिनं डोळे मिटले. बायकांना वाटलं, देवाचं नाव घेते. प्रियाला तेवढं ठाऊक होतं, की ही आता चूल बघते आहे, खापर बघते आहे. आणि तिथं अंबुबाईला दिसलं, की डावा हात पूर्वीसारखा पसरत नाहीच. मनातसुद्धा करंगळी वाकडीच. मग त्या हाताकडून पूर्वीचं कशाला मागायचं? तिनं डोळे उघडले, कोपर जरा वर घेतलं, बोटं खाली सोडून दिली, आणि तिसरी पोळी बोटांवर न घेता थेट मनगटाच्या मागच्या चकचकीत भागावर घेतली.

पोळी थबकली. मग घसरली, पण खाली नाही, कोपराकडं. कोपरावरून परत मनगटाकडं आली, उजव्या हातानं तिला बोलावून घेतलं, पुन्हा डाव्याकडं धाडलं. झोका लंगडा होता. एकीकडं लांब, एकीकडं आखूड. पण त्याला ताल होता, अंबुबाईच्या चालीला आता आहे तसा. पोळी पातळ होत गेली. पलीकडं उभ्या नागुबाईच्या लुगड्याचा हिरवा रंग तिच्यातून दिसायला लागला, तशी नागुबाई श्वास रोखून आहे तिथंच उभी राहिली, जणू आपण हललो तर रंग जाईल.

मांडा खापरावर उतरला. गोल नव्हता. हिंडलग्याकडचं टोक लांब आणि येळ्ळूरकडचं तोकडं, असा काहीतरी होता. अंबुबाईनं उजव्या हातातल्या उलथण्यानं कडा सोडवल्या, गरम असतानाच घडीवर घडी घातली, आणि घडी घातल्यावर तो चारचौघांसारखा चौकोनी झाला. कुणी सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं, की आत तो वाकडा आहे.

खिडकीतली दिपाली बाहेर पळत आली. हळदीचे ओघळ व्हायचे ते झालेच. ती आईच्या गळ्यात पडणार, तेवढ्यात अंबुबाईनं तिला कोपरानं थोपवलं. डाव्या.

“लांब हो गं, पीठ लागंल,” ती म्हणाली, आणि नजर खापरावरून न काढता नागुबाईपुढं हात केला. “दुसरा उंडा दे. रुखवत काय एका मांड्यावर हुतंय व्हय?”